चपलेचा तळ

मामा बोलायच्या आधी चप्पल काढायचे. काढून उलटी करायचे आणि तळ माझ्या टेबलाच्या कडेला धरायचे. "भाऊसाहेब, आदी तळ बघा. मग इचारा, कुठं गेलतो." टायरच्या त्या तळाला टाचेखाली खळगा पडलेला असायचा, बाभळीचे काटे आतच मोडलेले असायचे. मी म्हणायचो, "मामा, खाली ठेवा, इथं डबा खातो मी." ते हसायचे आणि चप्पल आणखी जरा पुढे सरकवायचे.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. कुरकुंभला केमिकल कंपन्यांच्या पलीकडे आमचा पशुखाद्याचा लहानसा कारखाना होता. मी अकाउंट्सला. मामा फिरतीवर. दौंड आणि शिरूर तालुक्यांतले गोठे पालथे घालायचे, जनावरं बघायची, पेंडीच्या ऑर्डरी आणायच्या आणि आठवड्यातून एकदा ऑफिसला यायचं. सगळे त्यांना मामाच म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही. तो हक्क मी गमावला आहे.

त्यांचं घराणं मेंढरांमागे चाललेलं. यवतजवळ वस्ती करून, शेती धरूनही बरीच वर्षं झाली होती, पण पाय काही बसले नव्हते. एसटीचा त्यांना राग होता. "गाडीतनं म्हस दिसती व्हय? बांधावरनं जावं. शेण बघितलं की कळतंय, पेंड कुणाची चाललीय." देवमाणूस वगैरे नव्हते हं. चहा कधी कुणाला पाजला नाही, बढाया अखंड, आणि दुसऱ्याच्या तंबाखूच्या चंचीत हात घालताना विचारायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. वैताग येतो, आणि तो आला नाही की दिवस अळणी जातो.

एकदा हौसेने मी त्यांच्याबरोबर गेलो. खुटबाव मागे टाकून उसाच्या कडेकडेने नदी गाठली, होडीने भीमा ओलांडली आणि शिरूरच्या बाजूला वस्त्या-वस्त्या करत हिंडलो. गोठ्यागोठ्यातून बायका हाक मारत होत्या, "मामा, हिकडं या आदी, कालवड चरंना झालीय." दुपारी माझ्या टाचांना फोड आले. मी बांधावर बसलो तर म्हणाले, "टेबलाला चार पाय असत्यात भाऊसाहेब, पर त्ये चालत न्हाई." परतताना होडीवाल्याच्या हातावर नाणी ठेवून डोळा मारला, "मागा आता ह्याला तिकीट."

तिकिटाची ती थट्टा मला उद्देशून होती. फिरतीच्या प्रत्येक माणसाला कारखाना महिन्याला ठरावीक प्रवासभत्ता द्यायचा. इन्कमटॅक्सचा नियम सरळ आहे: कामासाठी फिरताना भत्त्यातला जेवढा पैसा खरोखर खर्च झाला, तेवढ्याला कर नाही. उरला तो पगारात धरायचा. खर्चाचा पुरावा म्हणून आम्ही तिकिटं मागायचो. आणि तिकिटं कुठून यायची, तेही सांगतो. यवतच्या स्टँडवर एक पेरूवाला लोकांनी फेकलेली तिकिटं वेचून ठेवायचा. त्याला चहा पाजला की मूठभर मिळायची. ही मंडळी मोटारसायकलवर, दुधाच्या टेम्पोवर फुकट फिरायची आणि मार्चमध्ये माझ्यापुढे गठ्ठे ठेवायची. मला सगळं माहीत होतं. मी 'तपासले' असं लिहून सही करायचो.

मामांचा गठ्ठा नसायचाच. मी कानाडोळा करायचो. पण पुण्याहून नवे मॅनेजर आले आणि म्हणाले, तिकीट नाही त्याचा भत्ता पगारात धरा. मामांचा पगार कराच्या रेषेच्या जरासा अलीकडे होता. भत्ता मिळवला की पलीकडे.

"चालणं म्हंजी फिरणं न्हाई व्हय?" मामांनी विचारलं.

"फिरणं आहे मामा. खर्च नाही."

"मग ह्यो तळ कुणी खाल्ला?"

मला हसू आलं. मी हळूच पेरूवाल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा आंबला. "ज्या गाडीत बसलो न्हाई, तिचं तिकीट? एक वेळ उष्टं खाईन, पर ही थुकलेली कागदं उचलायचो न्हाई. कापा टॅक्स. सरकारला माझं पाय दिसत न्हाईत, त्याला इलाज न्हाई. तुमी तर बघितल्यात."

कर किरकोळच कापला गेला. पण मॅनेजरच्या डोक्यात वेगळंच शिरलं. सगळ्यांची तिकिटं आहेत, याचीच नाहीत. म्हणजे हा फिरतच नाही, घरी बसून ऑर्डरी लिहितो. त्यांनी मामांना बोलावलं, मलाही बोलावलं. केबिनमध्ये चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. मामा अनवाणी उभे. दाखवायला हातात काही नव्हतं.

"भाऊसाहेब आलतं माझ्यासंगं," ते म्हणाले. "त्यास्नी इचारा."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. हा चालतो, कारण त्या वस्त्यांना एसटी जातच नाही, एवढंच सांगायचं होतं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता: मग त्याच भागात फिरणाऱ्या बाकीच्यांची तिकिटं कुठून आली? त्यांवर सह्या माझ्या होत्या.

"एकदा गेलो होतो साहेब," मी म्हणालो. "रोजचं मला काय माहीत?"

या वाक्यात खोटं काहीच नाही. म्हणून तर इतकी वर्षं ते मला पुरलं.

मामांनी वाद घातला नाही. "खरं हाय. रोज कुठं हुतात तुमी," म्हणाले आणि बाहेर जाऊन चपला पायात घातल्या.

त्यांची फिरती काढून त्यांना गेटवर बसवलं, आतबाहेर जाणारे ट्रक बघायला. भत्ता गेला, तसा करही गेला. मॅनेजर म्हणाले, यंदा फाइल स्वच्छ आहे. शाबासकी मला मिळाली. गेटवर मामा सारखे उठायचे, ट्रकच्या वजनकाट्यापर्यंत चालत जायचे आणि वॉचमन ओरडला की परत स्टुलावर यायचे. शिरूरच्या बाजूच्या ऑर्डरी तुटल्या. त्या का तुटल्या, हे मला कुणी विचारलं नाही.

साधारण वर्षाने एका सकाळी त्यांनी हाक मारली. "भाऊसाहेब, जरा या." त्यांनी चप्पल काढून उलटी धरली. गेटवर बसल्यावर घेतलेली जोडी, पण टायरच्या नक्षीतली रेघ न् रेघ शाबूत होती. मग खिशातून तिकिटांची जुडी काढली. आता वस्तीवरून रोज वेळेत गेटवर यायचं म्हणजे एसटीशिवाय भागत नव्हतं.

"आता हायती तिकिटं. माझी सोताची. चालत्यात का?"

मी खाली बघून म्हणालो, "घरून कामावर यायचं फिरतीत धरत नाहीत, मामा."

"व्हय का," म्हणाले. जुडी परत खिशात ठेवली, चप्पल जमिनीवर सरळ केली आणि तिच्यात पाय न घालता तसेच बसून राहिले.

पुढच्या पोळ्यानंतर ते कामावर आले नाहीत. ते वारल्याचं मला बऱ्याच काळाने यवतच्या स्टँडवर त्या पेरूवाल्याकडून कळलं. मामांची वस्ती तिथून चालत जाण्याइतकीच होती. मी आलेली परतीची एसटी धरली.