भवानी पेठेतली काजळी

“रिपोर्ट लवकर द्या, मॅडम. त्याच्या भट्टीला कुलूप लावल्याशिवाय मी गप बसणार नाही.”

श्रीनिवासशेठनी माझ्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरला. त्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके होते. भवानी पेठेत त्यांचा टॉवेलचा कारखाना, बारा मागांचा. पांढरा माल डागी म्हणून परत येत होता. भिंतीला भिंत लागून इब्राहिमचाचांची बेकरी, लाकडाच्या भट्टीची. शेठनी महापालिकेत तक्रार केली होती. रिपोर्टमध्ये भट्टीचं नाव आलं की भट्टी बंद.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवते. साधा मायक्रोस्कोप उजेडाने बघतो, हा इलेक्ट्रॉनच्या झोताने. धुळीचा कण फुटबॉलएवढा दिसतो. त्याला जोडलेला डिटेक्टर कणात कोणती मूलद्रव्यं आहेत तेही सांगतो. उणीव एकच, चित्र काळंपांढरं असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी विसरले होते.

हवेतले कण पकडायला एक छोटा पंप असतो. तो दिवसभर हवा ओढतो आणि कण एका गोल फिल्टरवर बसतात. संध्याकाळी मी पंप मागांच्या मधोमध ठेवला आणि नागेशअण्णांना बटण दाखवलं. अण्णा तिथले जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे. “सकाळी सातला दाबायचं. दुसरं काही करायचं नाही.”

“नाही करत की, मॅडम.”

मग बेकरीत जाऊन धुराड्यातली काजळी खरवडली. चाचा खारीच्या ट्रेमागे उभे होते.

“लिखो बाई, जो लिखना है. वालिद के जमाने से भट्टी है. तब इनके टॉवेल काले नहीं हुए, अब कैसे हुए?”

“चाचा, मी लिहीत नाही, मशीन दाखवतं ते सांगते.”

“मशीन को खारी खिलाऊं क्या?”

तिसऱ्या दिवशी सकाळी फिल्टरचा तुकडा मशीनमध्ये घातला. स्क्रीनवर चपटे, लंबगोल दाणे. खच पडलेला. स्टार्च! नेमका तेव्हा शेठचा फोन आला आणि माझ्या तोंडून शब्द निसटला.

“स्टार्च म्हणजे मैदाच की! सांगालतो ना मी तुम्हाला?”

“अजून काही ठरलेलं नाही.”

“ठरलं, मॅडम. माझ्याकडून ठरलं.”

पण मैद्याचे दाणे इतके चपटे नसतात. तीन तास मी फोटो जुळवत बसले. शेवटी उरलेला अर्धा फिल्टर डबीतून काढून खिडकीपाशी धरला. पिवळाधमक. मध्ये लाल ठिपका.

अण्णांना फोन लावला.

“अण्णा, पंपाला काय केलंत?”

“काय नाही, मॅडम. पूजा केली.”

“कशाची पूजा?”

“मशीनची. नवीन मशीन कारखान्यात आलं तर हळदीकुंकू लावल्याबिगर चालू करतंय का कुणी? तोंडाला जरा जास्त लागली हळद. नारळ फोडणार होतो, पण तुम्ही म्हणालाव, दुसरं काही करू नका.”

लाखो रुपयांच्या यंत्राला रंग कळत नाही, पण मला कळतो. आधी डोळ्यांनी बघितलं असतं तर दिवस वाचला असता. हळदीतही स्टार्च असतो, आणि चाचांची भट्टी मी त्याच्या भरवशावर विझवायला निघाले होते.

तरी तो फिल्टर मी फेकला नाही. हळदीच्या दाण्यांमध्ये काळे कण होते, द्राक्षाच्या घडासारखे, बारीक गोळे एकमेकांना चिकटलेले. टॉवेलवरचे ठिपकेही तसेच. बेकरीची काजळी मात्र वेगळी निघाली. अर्धवट जळलेल्या लाकडाचे सच्छिद्र तुकडे, आणि पोटॅशियम भरपूर. लाकडाच्या राखेत ते असतंच. टॉवेलवरच्या ठिपक्यांत त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे भट्टी नव्हे. मग कोण?

दुसरा नमुना घ्यायला सकाळी सातच्या आत मी स्वतः हजर झाले. पंपाला हात लावू दिला नाही. अण्णा जरा नाराज झाले. मग त्यांनी ताट घेतलं, कापूर पेटवला आणि पहिल्या मागापुढे ओवाळला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. प्रत्येक मागाला नवी वडी. काळा धूर सरळ वर जाऊन छताला लोंबणाऱ्या कापसाच्या जाळ्यांत शिरत होता. बाराव्या मागानंतर बटणं दाबली, कारखाना हादरायला लागला आणि जाळी झडायला लागली. खाली पांढरा टॉवेल विणला जात होता.

“अण्णा, हे रोज?”

“चार महिने झाले. मंदी आली तवापासून. आधी एकच वडी लावायचो, दारात. शेठ म्हणाले, प्रत्येक मागाला लावा.”

मी ताटावर काचपट्टी धरली आणि काजळी घेऊन आले. स्क्रीनवर तेच द्राक्षाचे घड.

शेठनी फोटो उलटसुलट करून बघितले. मग हळूच म्हणाले, “बेकरीवाला पण कापूर लावत असेल की.”

“इब्राहिमचाचा?”

“...नाही म्हणा.” मग आणखी हळू, “मॅडम, रिपोर्टमध्ये देवाचं नाव नको.”

मी लिहिलं, ‘स्रोत: कारखान्याच्या आतील ज्वलन.’ शेठनी तक्रार मागे घेतली, छत झाडून घेतलं आणि कापूर पुन्हा दारात आणला, एकच वडी. पुढचा पांढरा माल परत आला नाही. चाचांनी लॅबमध्ये खारीचा डबा पाठवला. आम्ही खाल्ली, मशीनला दिली नाही.

आमच्या नमुन्याच्या फॉर्मवर तापमान, वेळ, वाऱ्याची दिशा असे रकाने आहेत. त्यांखाली मी एक वाढवला आहे: ‘पंपाची पूजा झाली का?’ आतापर्यंत चार कारखान्यांनी ‘हो’ लिहिलं आहे.