डबल बेल

मुलांनो, वसईत ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षा पूर्वी एसटीत कंडक्टर होत्या, आणि ते काही लपत नाही. सभेत कोणी लांबण लावली की त्या म्हणतात, “चला, पुढे सरका!” ठराव मंजूर झाला की टेबलावर पेन दोनदा वाजवतात.

घसरून पडल्यापासून तुमचे आजोबा घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. पाय बरा झाला होता, पण धीर गेला होता. केंद्राचं नाव काढलं की म्हणायचे, “मी काय म्हातारा झालोय?” मी हात टेकले होते.

मग एका सकाळी बाईंनी संस्थेची व्हॅन आपल्या फाटकाशी आणली. आजोबांना समजावायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत. “वसई, वसई! जागा आहे, गाडी सुटतेय!” असं ओरडून त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

जन्मभर एसटीने कचेरीत गेलेला माणूस तो! पेपर टाकून, पिशवी उचलून तरातरा निघाले. सीटवर बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि कितीतरी दिवसांनी ते खो खो हसले.

आता रोज आधीच फाटकात उभे असतात. “आज पण लेट?” म्हणून कुरकुरतात.

“तक्रार वही डेपोत मिळेल, काका. चढा!”