लिव्हरचा प्रेस घेऊ की स्क्रूचा?

मंडळी, आज दुकान दुपारीच बंद केलं. दमलोय.

चावीच्या घड्याळात माणकाचे बारीक खडे असतात, चाकांच्या आसांची टोकं त्यात फिरतात. ते खडे दाबून बसवायचा माझा प्रेस जुना झालाय. नवीन घ्यायचा म्हणून कधीपासून मोबाईलवर दोन सेट बघतोय. एक लिव्हरचा, हाताच्या अंदाजावर चालणारा. दुसरा मापाच्या स्क्रूचा, ठरवलेल्या खोलीवर आपोआप थांबणारा. स्क्रू शिकाऊ लोकांना लागतो, असं मी मिजाशीत सांगायचो.

आज सकाळी गारगोटीचे एक पाहुणे वडिलांचं घड्याळ घेऊन आले आणि समोरच बसले. मी खडा ठेवून लिव्हर दाबला. खडा फुटला. दुसरा घेतला, तोही फुटला.

"प्रेस ढिला झालाय," मी म्हणालो.

ते हळूच म्हणाले, "चाचा, प्रेस न्हाय. हात हलतोय की तुमचा. च्या घ्या जरा. मला काय घाई न्हाय."

चहा घेतला आणि गुपचूप स्क्रूचा सेट मागवला.

आता घरी काय सांगू? प्रेस बदलला, एवढंच सांगितलं तर चालेल ना?