दोरीच्या आतला पहारा

वाहतूक हवालदार निवृत्त झाले आणि घराला धाप लागली. चौकातली ड्यूटी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात हलवली होती. सुनेने गॅस मोठा केला, की हे हजर. कांदा जाड चिरला, तरी हे हजर. शेवटी बायकोने पेपरातली बातमी त्यांच्यापुढे सरकवली: किनाऱ्यावरची पक्ष्यांची घरटी राखायला स्वयंसेवक हवेत. पक्ष्यांचं पुढे काय होईल, याचा विचार तिने केला नव्हता.

पक्षीमित्र मंडळाने टोपी दिली, दुर्बीण दिली आणि चिखल्या नावाच्या मुठीएवढ्या पक्ष्याचं घरटं दाखवलं. घरटं कसलं, वाळूतला खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. भोवती दोरी. मंडळाच्या ताईंनी बजावलं, "दोरीपासून लांब, त्या बाकावर बसायचं." पण नियम लोकांसाठी असतात, हवालदारांसाठी नाही! त्यांनी दोरीच्या आतच खुर्ची टाकली आणि शिट्टी तोंडात धरली.

गेल्या हंगामात त्यांच्या पहाऱ्यात एकही पिल्लू निघालं नाही. ठपका त्यांनी चेंडू खेळणाऱ्या पोरांवर ठेवला. चार दिवस जेवण मात्र गेलं नाही, कारण त्या पाखरावर त्यांचा खरंच जीव जडला होता. यंदा पुन्हा अंडी होती, आणि ही वाया गेली तर आपण खचू, हे त्यांना ठाऊक होतं.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली. समोर मादी पंख फरफटत लंगडत होती.

"घाबरू नकोस," हवालदार कौतुकाने म्हणाले. "नाटक आहे ते. शत्रू घरट्याजवळ आला की त्याला लांब न्यायला करते. रोज करते, दिवसभर. काय हुशार आहे बघ!"

बायकोने किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कुत्रं नव्हतं, पोरं नव्हती.

"अहो, मग शत्रू कुठाय?"

हवालदारांची नजर दोरीवरून आत, स्वतःच्या खुर्चीवर आली. उघड्या अंड्यांवर ऊन रणरणत होतं. त्यांनी खुर्ची उचलली आणि बाक गाठला. मादीचा पंख लगेच बरा झाला. ती तुरुतुरु धावत गेली आणि अंड्यांवर बसली. हवालदारांनी डोळे पुसले, वर "वाळू गेली" असंही सांगितलं.

संध्याकाळी घरी फोडणीचा वास आला तसे ते सवयीने उठले. दारापर्यंत गेले, थबकले आणि परत बाहेरच्या खोलीत येऊन बसले.

थोड्या वेळाने आतून गाणं ऐकू आलं. सून गाते, हे त्यांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी आज कळलं.