मोटारीचं हळदकुंकू

सांगा म्हणे आण्णा! कावून सांगू? चौसाळ्याच्या हॉटेलात जाऊन बसलं की चहा यायच्या आधीच कोणीतरी म्हणतंय, "उलटे आण्णा, तो मोटारीचा किस्सा होऊ द्या!" चहा पाजतेत म्हणून ऐकून घेतो, न्हाईतर एकेकाच्या कानाखाली आवाज काढला असता. आता तर मॅडमच म्हणल्या, लिहूनच काढा. चौथी शिकलेला माणूस मी. काना-मात्रा चुकली तर मॅडमला बोला.

साखर कारखान्यात विजेच्या मोटारींवर वायरमन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मोटारीच्या पंख्याच्या जाळीत उसाचा भुसा साचतो ना, आज झाडला तरी उद्या तेवढाच, तसे हे किस्से साचलेत. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी वायरी जोडलेली मोटार कधी उलटी फिरली न्हाई. माझ्याकडं शिक्षण न्हाई, जमीन इवलीशी. नाव तेवढं होतं. त्यालाच हे 'उलटे' चिकटलंय. कसं चिकटलं ते शेवटी येतंय, मधी मधी विचारायचं न्हाई!

०

मॅडम म्हणजे आमच्या इलेक्ट्रिकलच्या इंजिनिअर. वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांचा एकच हट्ट. नवी मोटार चालू करायच्या आधी पार आतबाहेर तपासायची. एकदा आमी म्हणलं, "अहो मॅडम, नवी कोरी हाय. प्लास्टिकसुद्धा निघालं न्हाई. बघायचं काय?"

"पावसाळाभर स्टोअरात पडून हाय ना? मागची जाळी खोला."

खोलली. आत कापूस, सुतळी, कोणाच्या तरी रुमालाचा तुकडा, अन् त्यात उंदरीण, पिलांसकट! उंदरीण उडाली ती थेट स्टोअरकीपरच्या पायजम्यात. तो टेबलावर चढून बोंबलतोय, "मोटार नवीच हाय हो! सील बघा, सील!"

मी म्हणलं, "मोटार नवीच हाय बे. भाडेकरू जुने हायत!"

०

गफूरभाई आमचा फिटर. अंगानं पैलवान. मॅडमनी त्याला सांगितलं, "शाफ्ट हातानं फिरवून बघा, मोकळा फिरतो का."

गफूरभाईनं बाह्या सारल्या. शाफ्ट, म्हणजे मोटारीचा फिरता दांडा, हलंना. मग मी हात लावला. मग पाना लावला, पान्याला पाईप अडकवला, अन् पाईपाला आमी दोघं लटकलो. तरी हलंना! गफूरभाई घाम पुसत म्हणला, "आण्णा, बेअरिंग जाम हाय. कंपनीला वापस!"

मॅडम चहाचा कप घेऊन आल्या. शाफ्टावर एक लाल पट्टी होती. ट्रकात धक्के बसून शाफ्ट हलू नये म्हणून कंपनीनं बोल्ट मारून आवळलेली. आमाला वाटलं शोभेची हाय!

"गफूरभाई," मॅडम म्हणल्या, "बैलाला मारताय कावून? आधी दावं तर सोडा."

पट्टी काढली अन् शाफ्ट एका बोटावर फिरला. ते बोट गफूरभाईनं दिवसभर सगळ्यांना दाखवलं. "देखो, एक उंगली!"

०

चेअरमनसाहेब येणार म्हणलं की कारखान्यात जे हलत न्हाई त्याला रंग लागतो. पेंटरनं नव्या मोटारीला असा जाड हिरवा हात मारला की ग्रीस घालायचं तोंड बुजलं, अन् जिच्यावर मोटारीची ताकद लिहिलेली असती ती पाटीबी गायब. मॅडम तपासायला आल्या.

"किती एचपीची हाय ही?"

पेंटर म्हणला, "ते माहीत न्हाई मॅडम. पण दोन डबे पिली!"

०

आता माझे इवाई. म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, विठ्ठलराव. आमच्याच कारखान्यात जुने फिटर. लई भाविक माणूस, पूजेचा सगळा मान त्यांचाच. दसऱ्याला पान्या-पकडीलाबी कुंकू लावणार. लेकीच्या सासऱ्याला 'बे' म्हणता येत न्हाई, हे ध्यानात ठेवा. त्याचाच पुढं लई त्रास हाय.

एका हंगामाला मोटार बसवली अन् मॅडमनी मेगर लावला. मोटारीच्या आतला करंट बाहेर बॉडीत उतरंल का, हे सांगणारं ते यंत्र. काटा झकास! मॅडम फोन घ्यायला बाजूला गेल्या, तेवढ्यात इवायांनी मोटारीवरच नारळ फोडला. वायरी जोडायचा डबा उघडाच. पाणी सगळं आत! पुन्हा मेगर लावला तर काटा शून्यावर झोपलेला.

मॅडम लालबुंद. इवाई शांत. "नारळपाणी थंड असतंय. मोटार गरम होणार न्हाई!"

माझ्या तोंडात काय काय आलतं! पण लेक डोळ्यापुढं आली. मी गफूरभाईला कोपरानं ढोसलं, "तू बोल."

गफूरभाई बोलला, "विठ्ठलराव, मोटारला उन्हाळी लागली काय, शहाळं पाजताय?"

सगळे खो-खो हसले. इवाई माझ्याकडं बघून म्हणले, "तुमीच शिकवलं त्याला!"

डब्यात बल्ब लावून मोटार वाळवत बसलो. मॅडमनी फर्मान काढलं, यापुढं नारळ लांब दगडावर फोडायचा. इवाई रुसले. "मग पूजा वरवरचीच झाली म्हणायची. आतपर्यंत पोचतच न्हाई."

०

त्याच्या पुढच्या हंगामाची गोष्ट. गव्हाणीत टाकलेला ऊस वर, कापायच्या पात्यांकडं नेणारा साखळ्यांचा पट्टा असतो. त्याची मोटार नवी आली. वायरी मी जोडल्या. तीन वायरी असतेत, त्यातल्या कुठल्याबी दोन अदलाबदल झाल्या की मोटार उलटी. म्हणून मॅडमनी अन् मी पट्ट्याला जोडायच्या आधी नुसती मोटार फिरवून बघितली. सरळ फिरली. "आण्णा, शंभर नंबरी!" मॅडम म्हणल्या. डब्याचं झाकण मी माझ्या हातानं लावलं. मग पट्टा जोडला. आता पट्टा कोणी चालवायचा न्हाई, पहिलं बटण चेअरमनसाहेबांचं, ही आमच्याकडची रीत.

दुसऱ्या दिवशी मोळीपूजन, हंगामातली उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायची. शेतकरी, ऊसतोडीच्या टोळ्या, माजलगावचे पाहुणे, बँडवाले. माझे लेक-जावईबी आलते. इवायांनी पहाटेच येऊन मोटारीची पूजा उरकलेली. नारळ लांब, दगडावर! मॅडमनी त्यांना शाबासकीबी दिली.

चेअरमनसाहेबांनी मोळी टाकली, शेजारचं बटण दाबलं. बँड सुरू झाला. अन् मोळी वर जायची सोडून मागं सरकायला लागली! सुरसुर करत पार साहेबांच्या पायाशी आली. बँड बंद.

सगळ्यात आधी इवाई ओरडले, "आण्णा, डोळे फुटलेत का? वायरी उलट्या जोडल्या!" जावयापुढं, लेकीपुढं, सगळ्या मुलखापुढं! मला वाटलं, गव्हाणीतच उडी टाकावी.

चेअरमनसाहेबांनी मोळीकडं बघितलं. माईक हातातच होता. "ऊस माघारी घरी चालला की! भाव पटला न्हाई वाटतं याला!"

गर्दीतून एक शेतकरी ओरडला, "त्याला कळलं साहेब, तुमाला कधी कळणार?"

असा हशा झाला की साहेबांचं उद्घाटन तरून गेलं. माझं नाव मात्र तिथंच बुडालं. जेवणाच्या पंगतीतच कोणीतरी हाक मारली, "ओ उलटे आण्णा, भात घ्या!"

पण त्याच्या आधी, मेन स्विच पाडून मी अन् मॅडमनी डबा खोलला. दोन वायरी अदलाबदल. तिन्ही वायरींची टोकं फडक्यानं पुसून लख्ख केलेली. प्रत्येक टोकाला हळद, हळदीवर कुंकू. दोन अक्षता. अन् कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "आण्णा, हे कोणी..."

लेक शेजारीच उभी होती.

"वायरी बदलून झाकण लावू, मॅडम," मी म्हणलं.

मोळी वर गेली. हंगाम झकास झाला. लेकीचा संसारबी झकास चाललाय. इवाई दर दिवाळीला चकल्यांचा डबा घेऊन येतेत, माझ्या शेजारी बसतेत, तेवढं एक सोडून सगळं बोलतेत. मी चकली खातो अन् वाट बघतो. माफी कोणी मागायची राहिलीय, विचारताय? लिहून घ्या. विठ्ठलराव इवायांनी!