विमानाचे पंखे आणि बैलबाजारची रीत

सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्यानं मला फसवलं. विमान मला विकलं आणि त्याचे पुढचे दोन्ही पंखे स्वतःकडे ठेवून घेतले.

विमान म्हणजे जुनं डाकोटा. लढाईत शिपाई, खेचरं आणि धान्याची पोती वाहायला बनवलेलं. लढाई संपल्यावर त्यात खुर्च्या आल्या, खिडक्यांना पडदे आले, आणि ते उतारू नेऊ लागलं. वय झाल्यावर नागपूरवरून रात्रीचं टपाल न्यायचं काम त्याच्या वाट्याला आलं. शेवटी मुंबईत भंगारात निघालं, तेव्हा या व्यापाऱ्यानं लिलावात घेतलं. कशाला? केळी पिकवायला! पत्र्याची बंद वखार आयतीच मिळाली, असं त्याला वाटलं. सावद्याच्या उन्हात पहिलाच माल शिजून काळा पडला.

माझा तेव्हा धुळ्याजवळ आग्रा रोडवर ढाबा होता. हमाली करून उभा केलेला. विमान पाहिलं आणि ठरवलं, यात माणसं जेवायला बसवायची.

सौदा बैलबाजारच्या रीतीनं करायचा, हा आग्रह माझाच. उपरण्याखाली हात, तोंडानं आकडा नाही, फक्त बोटं दाबायची. त्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. त्या दिवशीही मीच भाव पाडला.

ट्रेलर घेऊन विमान आणायला गेलो, तर दोन्ही इंजिनांची तोंडं बोडकी.

"नाना, पंखे कुठंयत?"

"बैल विकला की घुंगरमाळ विकणाऱ्याची. रीत तुम्हीच काढली, भाऊ."

"घुंगरमाळ? अहो, त्या पंख्यांवर ते उडत होतं!"

"आता कुठं उडवताय? शेवभाजीच वाढणार ना?"

हमाल फिदीफिदी हसले. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. पण ट्रेलर भाड्याचा, क्रेन ताटकळलेली. तसंच घेऊन आलो. पुढं कळलं की पंखे त्यानं बंगल्याच्या फाटकावर बसवलेत, एक इकडं, एक तिकडं.

बाकी मात्र विमानानं मला कधी फसवलं नाही. त्याचा इतिहास मला व्यापाऱ्याकडूनच कळलेला, म्हणून विश्वास नव्हता. रंगवायला काढलं तेव्हा पटलं. घासता घासता पांढरा गेला, निळा पट्टा निघाला, आणि त्याच्याखाली लढाईचा हिरवा. तिथं मी कारागिराचा हात धरला. दाराजवळचा तेवढा हिरवा चौकोन अजून तसाच आहे. तळाला माल बांधायच्या कड्या निघाल्या. मी टेबलं त्यांनाच बांधली. ट्रकवाले कितीही रेलले तरी टेबल हलत नाही.

धरणगावचे एक आबा लढाईत ब्रह्मदेशाला गेलेले. आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "अशाच इमानमा मी बठेल व्हतू. बाजूले खच्चर. खच्चर निवांत, मी वकी ऱ्हायंतू!" मग तेव्हाच्या ओकाऱ्या विसरून तिथंच बसून दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी वैमानिकाच्या जागेवर बसून चहा पितो. समोर कापूस, पलीकडं ट्रकांची रांग. मजेत आहे मी. पण जेवून उतरणारा प्रत्येक जण पुढं जाऊन उभा राहतो आणि विचारतो, "बठ्ठं शे, भाऊ, पन पंखा कोठे शेतस?" तेवढं आठवलं की सकाळचा चहा कडू होतो.

परवा नाशिकला जाताना नाना स्वतः आले, सहकुटुंब. त्यांच्या सौभाग्यवती बाहेर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आपल्या फाटकावरचे पंखे या विमानाचेच की काय?"

सगळा ढाबा ऐकत होता. मी म्हटलं, "सांगा, नाना."

नानांनी मिशी पुसली. "शेवभाजी एक नंबर झालीय, भाऊ," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मी भाजीचं विचारलं नव्हतं. घुंगरमाळ काढली तरी बैल औत ओढतो. पंखे काढल्यावर विमान काय करतं? पंखा हा दागिना की अवयव, हे नानांनी बैलबाजारात, दलालांसमोर उभं राहून सांगावं. दागिना ठरला तर मी गप्प बसेन. अवयव ठरला तर पंखे फाटकावरून सोडवून द्यावेत. बाजाराचा दिवस त्यांनीच ठरवावा आणि यावं.