बाटल्यावाल्या ताई

मंडळी, आज कॉलेजात डोळे भरून आले, म्हणून लगेच लिहितेय.

मी डोंबिवलीत केमिस्ट्री शिकवते. शाश्वत विकासावरच्या संशोधनाचा फॉर्म भरत होते. किती शोधनिबंध, किती जणांनी संदर्भ घेतला, समाजावर परिणाम काय? नव्वदच्या दशकातल्या माझ्या पीएचडीपुढे मी संदर्भ 'शून्य' लिहिलं. परिणाम काय लिहावा, कळेना.

तेवढ्यात लेकीच्या ॲडमिशनला आलेली एक बाई दारात थबकली. "तुमी त्या बाटल्यावाल्या ताई ना? माझ्या आयेच्या होडीतून खाडीचं पाणी भरून न्यायच्या?"

हिराबाईंची मुलगी! पीएचडीसाठी पाण्याचे नमुने घ्यायला ठाण्याच्या खाडीत हिराबाईच मला होडीतून फिरवायच्या; त्यांच्या विहिरीचं पाणीही मी तपासलं होतं. प्रबंध झाल्यावर मी त्यांना साध्या मराठीत पत्र लिहून दिलं होतं, की तुमच्या विहिरीत कारखान्यांचं सांडपाणी उतरलंय, ते पिऊ नका. मग माझं लग्न झालं आणि तिकडे जाणं राहूनच गेलं.

"ते पत्र घेऊन आयेनं तीन वर्षं पालिकेत खेटे घातले. आमच्या आळीत नळ आला तो त्याच्यामुलं."

तिचं हेच वाक्य मी परिणामाच्या रकान्यात लिहिलं.

तिने तिथूनच आईला फोन लावून दिला. हिराबाईंना आता कमी ऐकू येतं, त्या ओरडूनच बोलल्या, "बाय, किती वर्षांनी गो! रविवारी जेवायला ये."

जाणार आहे. पण इतकी वर्षं मी एकदाही परत जाऊन का विचारलं नाही, हे मनातून जात नाहीये. तुमचंही कोणाकडे असं जायचं राहिलंय का?